झारेकरीण

हॉकलीत, घड्याळाच्या खांबामागच्या गल्लीत
तिसऱ्या मजल्यावर माझा बाक.
करवती, चिमटे, सवागीची वाटी,
आणि टॉफीच्या एका जुन्या डब्यात
मेलेल्या कॉम्प्युटरांचे दात –
पिवळे, बारीक, फणीसारखे ओळीनं.

खालच्या मजल्यावर बेरिल पॉलिश करते. वय एकाहत्तर.
डब्यात डोकावून म्हणाली, कचरा.
मग चहा ढवळत, सहज:
माझी आई कारागिरांचे एप्रन जाळायची,
राखेतून सोनं निघायचं.
मी करवत खाली ठेवली.
म्हटलं, बेरिल, म्हणजे आपण एका जातीच्या.

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

गुजरीत, दुकानांच्या फळ्या निघायच्या आत
माझी आत्या गटाराशी बसायची
कुंचा आणि घमेलं घेऊन.
सोनाराच्या बागेसरीतली राख
आम्ही विकत घ्यायचो. पैसे मोजून, राख!
पाणी घालायची, मनगटातून फिरवायची:
हलकं ते वाहून जातं, जड ते तळाशी बसतं.
तिच्या नाकात चमकी मात्र पितळेची.
"सोनं शोधणारीनं सोनं घालू नये, नजर जाते,"
म्हणायची आणि हसायची,
म्हणजे खरं नव्हतं ते.

मार्चमध्ये ग्वेनेथ प्रॉसर जिना चढून आली.
सत्तावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात.
पर्समधून, लोकरी मोज्यात गुंडाळलेला
एक रिले काढला –
तांब्याच्या तारेचं वेटोळं, वर पात्यांची जुडी,
पात्यांच्या टोकांना चांदीचे थेंब, तिळाएवढे.
"एक्स्चेंज बंद झालं त्या दिवशी उचलला. चोरीच म्हणा."

सवयीनं मी मनात तोललं:
दीड गुंज. वितळवलं तर
करंगळीचं वळंही होणार नाही.

वितळवू नका, ती म्हणाली.
वाजलं पाहिजे.

नऊ वर्षांत पहिलं गिऱ्हाईक,
ज्याला दागिना वाजायला हवा होता!
इथं पैंजणालाही घुंगरू नको असतात.
मी आगाऊ पैसे घ्यायलाच विसरले.

तीन आठवडे डाग धरेना.
डाग म्हणजे जोड, आमच्या बाकावर.
कपड्यावर पडतो तोही डागच,
आणि दागिन्यात तो असतोच,
कसब म्हणजे तो दिसू न देणं.
शेवटी मी दिसू दिला.
चांदीच्या पत्र्यावर हिरव्या बोर्डाचा तुकडा,
त्याच्यावरच्या वाटा तशाच ठेवल्या, कुठंही न पोचणाऱ्या.
दोन पाती समोरासमोर, मधे केसाएवढं अंतर.
श्वास घेतला की छाती उचलते
आणि पाती टेकतात: टिक.
सोडला की सुटतात.

परख कार्यालयातला मुलगा
भिंगातून बराच वेळ बघत राहिला.
निखळ नाही म्हणाला,
चांदी अधिक धातू, असा शिक्का पडेल.
पडू दे.
शेजारी या शहराचा नांगर –
शेतातला नव्हे, जहाजाचा;
समुद्र इथून कोसच्या कोस लांब.
का, ते मी विचारलं नाही.
लांबच्या गोष्टी अंगावर वागवणाऱ्यांना
विचारू नये.

ग्वेनेथनं कोटावर लावला.
आरशात पाहिलंच नाही. मान कलती केली,
डावा कान किंचित पुढं,
कुणी पलीकडून नंबर सांगत असावं तशी.
टिक.
टिक.
"थांबा, जोडून देते," म्हणाली, मला नाही.

मग जिना उतरली.
दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं,
थोडं जलद झालेलं. गुडघे दुखतात तिचे.

संध्याकाळी बाकाखालची धूळ लोटली.
कथील असेल तिच्यात, चांदीचा कीस,
हिरवी भुकटी, माझेच केस.
घमेलं नव्हतं. टॉफीच्या डब्याचं झाकण घेतलं,
नळाची धार बारीक केली,
आणि मनगट आपसूक फिरलं.